आवाजाला हात न लावणारा मिक्सर

‘हे जग मोठे आहे’ यातला ‘जग’ आणि ‘शंभर वर्षे जग’ यातला ‘जग’ लिहायला अगदी सारखे. म्हणताना मात्र पहिल्या ‘ज’ला जीभ टाळूकडे जाते आणि दुसऱ्याला दातांच्या मुळाशी टेकते. मराठी माणूस हा फरक कुणी न शिकवता पाळतो. हा फरक ज्या घर्षणात दडलेला असतो ते सेकंदाच्या काही शतांश भागापुरतेच टिकते, आणि दंत्य उच्चारात त्याचा बराचसा जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. जुन्या टेलिफोनची तार साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज नेत असे, म्हणून फोनवर असे शब्द आपण पुष्कळदा संदर्भावरूनच ओळखत आलो.

हा फरक मोजायचा, दहा माणसांच्या तोंडून ऐकून ताडून पाहायचा, तर आवाज जसा निघाला तसाच आकड्यांत उतरला पाहिजे. भाषा आणि वाणी यांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत डिजिटल मिक्सर ठेवतात तो यासाठी. नाट्यगृहात शेवटच्या रांगेमागे बसलेला साऊंडवाला याच यंत्राने हळू बोलणाऱ्याला उचलून धरतो, मोठ्याने बोलणाऱ्याला आवरतो, सगळे कानाला गोड करतो. प्रयोगशाळेत नेमकी हीच कामगिरी दोष ठरते. तिथे मिक्सर मांडायचा म्हणजे त्याला गप्प राहायला शिकवायचे, आणि हे शिकवणे वाटते त्यापेक्षा खूप नाजूक आहे.

यंत्र मुळात थक्क करणारे आहे. यामाहाने १९८७ मध्ये डीएमपी-७ हा आठ चॅनेलचा डिजिटल मिक्सर आणला, तेव्हा त्याच्या पट्ट्या, म्हणजे फेडर, छोट्या मोटरींवर आपोआप सरकत. २०१२ मध्ये आलेल्या बेहरिंगर एक्स-३२ मध्ये मायक्रोफोनसाठी ३२ जागा आणि मोटरवर चालणारे २५ फेडर आहेत, आणि आतली बेरीज-वजाबाकी ४० बिटांच्या दशांशचिन्ह सरकणाऱ्या आकड्यांत चालते. ४० बिट कशाला, असे वाटेल. पण ३२ चॅनेलवर एकच मोठा आवाज आला तर त्यांची बेरीज ३० डेसिबलने वर जाते. आकड्याला तेवढी जागा नसेल तर आवाज बेरजेतच फाटेल.

मांडणीची सुरुवात भिंतीपासून होते. मिक्सर, संगणक आणि रेकॉर्डिंगची बाकी यंत्रे एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर हवीत. दोन वेगळ्या ठिकाणची अर्थिंग असली की त्यांच्यातल्या किंचित फरकातून वायरीत प्रवाह फिरू लागतो आणि ५० हर्ट्झची घूं ऐकू येते. मायक्रोफोनची वायर या घुंकाराला ज्या युक्तीने टाळते ती मला फार सुंदर वाटते. एक्सएलआरच्या तीन पिनांपैकी पहिली अर्थिंगची. दुसरी आणि तिसरी एकच आवाज नेतात, पण एकमेकींच्या उलट. वाटेत शिरलेला गोंगाट मात्र दोघींवर सारखाच पडतो. मिक्सर एकीतून दुसरी वजा करतो, तेव्हा सारखे ते शून्य होते आणि उलट होते ते दुप्पट होऊन हाती येते.

याच दोन तारांवरून मायक्रोफोनला ४८ व्होल्टची वीजही जाते. ती दोन्ही तारांवर समान असल्याने वजाबाकीत दिसतच नाही, म्हणून तिचे नाव फँटम पॉवर. ४८ हाच आकडा का, याचे उत्तर नॉर्वेत सापडते. १९६६ मध्ये जर्मनीची नॉयमान कंपनी नॉर्वेच्या नभोवाणीला नव्या ट्रान्झिस्टरचे मायक्रोफोन देत होती. उत्तरेकडच्या लांबलचक काळोख्या हिवाळ्यामुळे तिथल्या स्टुडिओंत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच खेळवलेली होती. तीच मायक्रोफोनला जोडली गेली. आज जगभरच्या मिक्सरवर ‘४८व्ही’ असे बटण दिसते ते त्या दिव्यांमुळे. हे बटण दाबण्यापूर्वी चॅनेल म्यूट करावा, कारण वीज शिरताना होणारा धप्पकन आवाज हेडफोन लावलेल्याच्या कानावर आदळतो.

यानंतर गेन, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज प्रीअॅम्पमध्ये किती वाढवायचा ते. अॅनालॉग यंत्रात शून्य डेसिबल ही कामाची पातळी असे आणि वर मोकळी जागा असे. डिजिटलमध्ये शून्य म्हणजे छत. त्याच्या वर आकडाच नाही. म्हणून वक्त्याला वाचायला देऊन, त्याच्या सर्वांत मोठ्या आवाजाची टोके उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील असा गेन ठेवतात. एवढी जागा सोडली तर बारीक आवाज हरवेल, ही भीती १६ बिटांच्या काळातली. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या असतात, २४ बिटांत १,६७,७७,२१६. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबल धरले तर हिशेबाने १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो. खोलीची स्वतःची कुजबुज त्याच्या तळाच्या कितीतरी वर असते.

आकड्यांमधल्या फटींत आवाज निसटत असेल, हीसुद्धा नेहमीची शंका. ४८,००० हर्ट्झच्या नमुनादराला, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा आवाज मोजताना, एका नमुन्यापासून पुढच्यापर्यंत सुमारे २०.८ मायक्रोसेकंद जातात. पण हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये ज्याचा पाया घातला, सोव्हिएत संघात कोतेल्निकोव्ह यांनी १९३३ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये जे सिद्धतेसह मांडले, ते सांगते की नमुनादराच्या निम्म्याहून कमी कंपनसंख्येचा आवाज त्या नमुन्यांतून पूर्णपणे परत उभा राहतो. दोन नमुन्यांच्या मधला क्षणही त्यात येतो. म्हणूनच आपल्या ‘जग’मधले घर्षण ४८,०००च्या दराला सुखरूप राहते.

नमुने मात्र सगळीकडे एकाच वेळी घेतले गेले पाहिजेत. एकाहून अधिक यंत्रे जोडली की सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या लगेच ऐकूही येत नाहीत. प्रत्येक यंत्रात क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि प्रत्येकाची चाल किंचित वेगळी. समजा दोन यंत्रांत दहा लाखांत ५० इतकाच फरक आहे. तासाभरात तो ०.१८ सेकंद होतो. एवढ्या वेळात ध्वनी जवळजवळ ६२ मीटर जातो. टेबलाभोवती मायक्रोफोन मांडून, कोणाचा आवाज कोणत्या दिशेने आला हे वेळेच्या फरकावरून काढायचे असेल, तर तासाच्या शेवटी समोर बसलेला माणूस हिशेबात मैदानापलीकडे गेलेला असतो. एका नमुन्याच्या अवधीत ध्वनी फक्त ७ मिलिमीटर सरकतो. इतक्या बारीक पट्टीने मोजणाऱ्याला ही चूक परवडत नाही. म्हणून एक यंत्र कालनायक ठरवून बाकीची वर्डक्लॉकच्या, म्हणजे नमुन्यांचा ठेका पोहोचवणाऱ्या, ७५ ओहमच्या केबलने किंवा नेटवर्कवरून त्याच्या मागे चालवतात. तबल्याच्या स्वतंत्र वादनात लेहरा जे करतो तेच हे काम. दोन तबलजी कितीही तयारीचे असोत, समेवर एकत्र येण्यासाठी लेहरा एकच लागतो. एडिंबरा विद्यापीठ आणि त्याच्या युरोपीय सहकारी संस्थांनी बैठकींमधल्या संभाषणाचा १०० तासांचा एएमआय संग्रह तयार केला, त्यातही अंगावरचे आणि टेबलावरचे सगळे मायक्रोफोन एकाच कालरेषेवर आणलेले आहेत. इतरांना तो इतकी वर्षे वापरता आला, त्याचे मोठे कारण मला हेच वाटते.

आता बंद करण्याची कामे. इक्वलायझर, कॉम्प्रेसर, गेट, लो-कट, सगळे बंद. गेट हळू आवाज आला की दार लावून घेते. ‘म्हणणे’, ‘न्हाणे’, ‘व्हायचे’ यांतला हकाराचा श्वास इतका मंद असतो की गेट त्याला गोंगाट समजून कापू शकते, आणि मग संशोधक अस्तित्वातच नसलेल्या उच्चारभेदावर निबंध लिहितो. कॉम्प्रेसर आघातयुक्त आणि आघातहीन अक्षरांतला चढउतार सपाट करतो. खालचे सूर गाळणारा लो-कट १०० हर्ट्झवर असेल तर जाड आवाजाच्या पुरुषाचा मूळ स्वरच क्षीण होतो. संगणकाकडे पाठवायचा आवाज प्रीअॅम्प आणि अंकीकरण यांच्या लगेच पुढून उचलावा, फेडरच्या आधी. मग कुणाचा हात फेडरला लागला तरी नोंद बिघडत नाही.

हेडफोनमधून वक्त्याला काय ऐकवायचे, हाही प्रयोगाचाच भाग आहे. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवले की कानांत गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. १९५० मध्ये बर्नार्ड ली यांनी बोलणाऱ्याला त्याचाच आवाज थोडा उशिरा ऐकवला, तर चांगली बोलणारी माणसेही अडखळू लागली. सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपासचा उशीर सर्वांत जास्त छळतो. मिक्सरमधून थेट परतणाऱ्या आवाजाला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे ३४ सेंटिमीटर अंतरावरून ऐकल्यासारखे. तोच आवाज संगणकातून फिरवून आणला तर उशीर कित्येक पट वाढतो. म्हणून वक्त्याचा आवाज मिक्सरमधूनच परत द्यावा.

आकड्यांचे अजून हवेशी नाते जोडायचे आहे. मोजमापाच्या मायक्रोफोनच्या तोंडावर कॅलिब्रेटर बसवून १,००० हर्ट्झचा, ९४ डेसिबलचा सूर नोंदवतात. ९४ डेसिबल म्हणजे एक पास्कल दाब. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल, म्हणजे कानाला चांगलाच मोठा वाटणारा हा सूर हवेच्या दाबात लाखातला एक भाग हलवतो. ऐकू येण्याची सीमा त्याच्याही ५०,००० पटींनी खाली, २० मायक्रोपास्कलवर. साध्या बोलण्याच्या मायक्रोफोनवर कॅलिब्रेटर बसत नाही. तिथे शेजारी ध्वनिमापक ठेवून स्पीकरच्या सुरावर ताळा घेतात. हा सूर नोंदवला की त्या चॅनेलच्या गेनला पुन्हा हात लावायचा नाही. डिजिटल मिक्सरचे मोठेपण इथे दिसते: सगळी मांडणी ‘सीन’ म्हणून साठवता येते, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या वक्त्यासाठी एका बटणावर गेनचे आकडे जसेच्या तसे परत येतात, मोटरीचे फेडर आपापल्या जागी जाऊन बसतात. अॅनालॉग काळात प्रत्येक खुंटीपाशी पेन्सिलने खुणा करत.

वक्ता आत येण्यापूर्वी एक मिनिट रिकाम्या खोलीचे रेकॉर्डिंग करतात. पंखा, एसी बंद. इतकी काळजी घेऊनही त्या शांततेत विजेची ५० हर्ट्झची बारीक रेघ बहुधा उरतेच. ही रेघ अगदी स्थिर नसते. मागणी-पुरवठ्याप्रमाणे ती किंचित वरखाली होते, भारतात साधारण ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान, आणि जोडलेल्या सगळ्या वीजजाळ्यात एकाच वेळी सारखीच. रुमानियाचे तज्ज्ञ कॅटॅलिन ग्रिगोरास यांनी ही डगमग जाळ्याच्या नोंदींशी ताडून रेकॉर्डिंग केव्हा झाले हे ठरवण्याची पद्धत न्यायसहायक विज्ञानात पुढे आणली. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एका लयीत आले. तेव्हापासून पुण्यातल्या खोलीतली ती रेघ आणि गुवाहाटीतल्या किंवा चेन्नईतल्या खोलीतली रेघ एकाच क्षणी एकाच बाजूला झुकते. त्या मिनिटाच्या फाइलला तारीख आणि वेळ देऊन ती सीनशेजारी ठेवली जाते, आणि मग दार उघडून ‘जग’ म्हणायला वक्त्याला आत बोलावतात.