कावळा बसला, फांदी मोडली

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे मराठीत सहज म्हटले जाते, आणि संस्कृत पंडितांनी अशाच योगायोगाला, फांदीऐवजी ताडाचे फळ घालून, ‘काकतालीय न्याय’ हे नाव दिलेले आहे. एकापाठोपाठ दुसरी घटना घडली एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हा दोहोंचा रोख होय. तरीही ही म्हण तोंडपाठ असलेल्या घरातही ताईत बांधल्यावर मुलाचा ताप उतरला की श्रेय ताइतालाच मिळते. तेव्हा अडचण अज्ञानाची नाही हे उघड आहे. कावळा बसूनही न मोडलेल्या फांद्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही, ही खरी अडचण आहे. चिकित्सक विचार म्हणजे मुख्यतः हा हिशेब मांडणे, म्हणजेच एखादे मत स्वीकारण्यापूर्वी त्याच्या विरुद्ध जाऊ शकेल असा पुरावा मुद्दाम शोधणे.

असा शोध मनाला किती नकोसा असतो, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका साध्या प्रयोगातून दिसले. २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात एवढेच सांगून त्यांनी विद्यार्थ्यांना तो नियम ओळखायला लावला. त्यासाठी विद्यार्थ्याने स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे आणि ते नियमात बसतात की नाही, एवढेच त्याला कळायचे. ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’ असे मनात धरलेला विद्यार्थी ८, १०, १२ सुचवी, होकार आला की २०, २२, २४ सुचवी, आणि प्रत्येक होकारासरशी त्याची खात्री वाढत जाई. प्रत्यक्षात नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने असावेत. ५, ९, ४० असे आपल्या समजुतीला छेद देणारे आकडे एकदा जरी सुचवले असते तरी चूक लक्षात आली असती. पण २९ जणांपैकी अवघ्या ६ जणांनी आधी चुकीचे उत्तर न देता खरा नियम सांगितला. आपल्या मताला दुजोरा देणारेच तेवढे पाहण्याच्या या खोडीला ‘पुष्टीपूर्वग्रह’ म्हणतात.

भारतीय न्यायदर्शनाने याच दोषाकडे तर्काच्या बाजूने पाहिले होते. हेतूसारखा, म्हणजे अनुमानाच्या आधारासारखा, दिसणारा परंतु निष्कर्ष पेलू न शकणारा जो हेतू, त्याला न्यायसूत्रांत ‘हेत्वाभास’ म्हटले आहे आणि त्याच्या प्रकारांत ‘सव्यभिचार’ पहिला आहे. रोजच्या मराठीत व्यभिचार या शब्दाला वेगळाच वास असला, तरी नैयायिकांच्या लेखी हेतू आहे पण साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नाही, असे एखादे ठिकाण सापडणे म्हणजे व्यभिचार होय. ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असे कोणी म्हणाले की ते तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याकडे बोट दाखवीत: तेथे अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कशाने होतो? ओल्या सरपणाने. या लपून राहिलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटले, आणि ही कल्पना आजही विलक्षण उपयोगी आहे. बारावीच्या निकालानंतर खासगी शिकवणीवर्गांच्या फलकांवर गुणवंतांचे चेहरे झळकतात, तेव्हा हे यश तेथील शिकवण्याचे की प्रवेशाच्या वेळीच हुशार मुले निवडून घेतल्याचे, हा प्रश्न ओल्या सरपणाचाच आहे. त्याच वर्गात जाऊन नापास झालेल्यांचे फोटो अर्थातच कोणी लावत नाही.

न मोडलेल्या फांद्या मोजायच्या तर काय करावे लागते, याचा उत्तम नमुना २००८ मध्ये पुण्यात सिद्ध झाला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे चिकित्सक अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, त्या सरमिसळ केल्या, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली हे विचारले. नाणे उडवूनही सुमारे २० उत्तरे बरोबर येणारच, म्हणून किमान २८ बरोबर आली तरच ती ज्ञानाची खूण मानायची, हे आधीच ठरले होते. कारण निव्वळ योगायोगाने २८ चा पल्ला गाठण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांपैकी कोणीही तेथपर्यंत पोहोचले नाही. सर्वांत वरचा आकडा २४ होता.

हा २४ चा आकडा जरा निरखून पाहण्यासारखा आहे. एकट्याने पाहिला तर तो बरा वाटतो, आणि त्या ज्योतिषाने ‘६० टक्के अचूक’ अशी पाटी लावली असती तर ती खोटीही ठरली नसती. पण २७ माणसांनी प्रत्येकी ४० वेळा नाणे उडवले तर त्यांतल्या तीन-चार जणांना २४ किंवा अधिक वेळा छाप पडणे अगदी अपेक्षित आहे. यशस्वी माणूस आधी निवडायचा आणि मग त्याच्या यशाचे कारण शोधायचे, ही चूक शेअर बाजारातल्या सल्लागारांपासून पत्रिका पाहणाऱ्यांपर्यंत सर्वत्र आढळते, आणि उमेदवार किती होते हे विचारल्याशिवाय ती पकडता येत नाही.

उलट बाजूचे भानही येथेच ठेवायला हवे. कुंडलीवरून मुलाची बुद्धी ओळखता येते, या एका दाव्याची ती परीक्षा होती. तेवढ्यावरून विवाहयोग किंवा आयुर्मान यांविषयीचे प्रत्येक भाकीत तपासून झाले असे म्हणणे ही अतिव्याप्ती, म्हणजे पुराव्याच्या कुंपणाबाहेर निष्कर्ष पसरवणे, ठरेल. त्या भाकितांसाठी वेगळ्या कुंडल्या जमवाव्या लागतील आणि उत्तीर्ण होण्याचा आकडा पुन्हा उत्तरे येण्यापूर्वीच कागदावर लिहावा लागेल.