इटलीची लेगहॉर्न आणि आपली खुडूक कोंबडी



आजचा विषय ऐकायला जरा लांबचा वाटेल. दक्षिण युरोपातल्या, म्हणजे इटली-स्पेनकडच्या जुन्या कोंबड्यांच्या जाती. अहिल्यानगर जिल्ह्यात बसून आपल्याला त्यांचं काय, असं कुणीही विचारेल. तर किराणा दुकानात ट्रेमध्ये मांडलेलं पांढरं अंडं डोळ्यांपुढे आणा. ते घालणारी कोंबडी जवळच्याच एखाद्या फार्मवरची असेल, पण तिचं कूळ इटलीतल्या लिव्होर्नो या बंदराचं आहे. इंग्रज लोक त्या बंदराला लेगहॉर्न म्हणत. एकोणिसाव्या शतकात तिथून कोंबड्या जहाजानं अमेरिकेत गेल्या, तिथे आणि इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली, आणि आज जगभर पांढरी अंडी देणाऱ्या व्यावसायिक कोंबड्या मुख्यतः याच कुळातल्या आहेत. म्हणजे ही पाहुणी आपल्या घरात कधीच येऊन बसली आहे. तिची ओळख तेवढी करून घ्यायची राहिली आहे.

भूमध्य समुद्राकाठचं कुटुंब

या जातींना पुस्तकात 'मेडिटरेनियन' गट म्हणतात. लेगहॉर्न त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. इटलीचीच अँकोना म्हणजे काळ्या पिसांवर पांढरे ठिपके. स्पेनच्या मिनॉर्का बेटाच्या नावाची मिनॉर्का काळीभोर, या गटात अंगानं मोठी. सिसिलीची बटरकप, तिचा तुरा वाटीसारखा गोल. आणि दक्षिण स्पेनची अँडलूशियन, निळसर राखी रंगाची.

या अँडलूशियनची गंमत लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी यांची पिल्लं सगळी निळी निघत नाहीत. साधारण निम्मी निळी, पाव हिस्सा काळी आणि पाव हिस्सा पांढुरकी, डागाळलेली. उलट काळी आणि डागाळलेली यांचा जोड लावला तर सगळी पिल्लं निळी! याचा अर्थ असा की, डोळ्यांना दिसणारा गुण पुढच्या पिढीत तसाच उतरेल याची खात्री नसते.

रंग वेगळे असले तरी या सगळ्यांचे काही गुण सारखे आहेत. अंग हलकं, चाल चपळ. तुरा मोठा, एकेरी तुऱ्याच्या कोंबड्यांचा तर एका बाजूला कललेला. कोंबडीला घाम येत नाही. तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी यांतून अंगातली उष्णता बाहेर जाते. म्हणून उन्हाच्या मुलखातल्या जातींना मोठा तुरा सोयीचा.

कानाची पाळी पांढरी आणि अंडंही पांढरं, हा आणखी एक गुण. पाळी पांढरी तर अंडं पांढरं, पाळी लाल तर अंडं तांबूस, असा ठोकताळा पुष्कळ जण सांगतात. तो बऱ्याचदा जुळतो, पण नियम नव्हे. स्पेनमध्येच कातालोनियात पेनेदेसेंका नावाची जात आहे. तिची पाळी पांढरी आणि अंडं गडद तपकिरी. कवचाचा रंग हा शेवटच्या काही तासांत चढलेला थर असतो, आतल्या सत्त्वाशी त्याचा संबंध नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या व्यावसायिक संकरित कोंबड्याही आहेत. तेव्हा बाजारात तांबूस अंडं दिसलं म्हणजे ते गावरानच, असं धरून जादा पैसे मोजू नका.

आता शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा गुण. या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत.

खुडूक म्हणजे दोष की भांडवल?

गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि मग एके दिवशी खुराड्यातून उठायलाच तयार नसते. पिसं फुगवते, हात लावला की टोचते, खाणंपिणं कमी करते. शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी घालणं थांबतं आणि उबवणं सुरू होतं. एकवीस दिवस ती बसते. पुढे दीड-दोन महिने पिल्लं सांभाळते. म्हणजे एका फेरीत अडीच-तीन महिने अंडी बंद. वर्षात अशा तीन-चार फेऱ्या धरल्या तर गावरान कोंबडी वर्षाला ५०-८० अंड्यांवर का अडते, याचं उत्तर मिळतं. आळस नाही हो तो, उरलेल्या वेळात ती दुसरं काम करत असते.

लेगहॉर्नमधून निवड करणाऱ्यांनी नेमकं हेच काम काढून टाकलं. जी बसते तिला वगळा, जी घालत राहते तिची पिल्लं ठेवा. त्यामुळे आजची व्यावसायिक कोंबडी वर्षाला ३००च्या आसपास अंडी देते. पण त्यासाठी तिला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम समतोल खाद्य लागतं, आणि पिल्लं काढण्यासाठी यंत्र लागतं, म्हणजे हॅचरी. दुसरं असं की, या कोंबड्या वेगवेगळ्या वाणांच्या संकरातून तयार होतात. घरी त्यांचीच पिल्लं काढली तर आईचे गुण एकसारखे उतरत नाहीत. इथे तुम्हाला निळी अँडलूशियन आठवेल.

बियाण्याचं उदाहरण आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं जपलं, त्यांचा पद्मश्रीनं सन्मान झाला. संकरित बी दरवर्षी विकत आणावं लागतं, देशी बी घरच्या मडक्यात राहतं. कोंबडीचंही तसंच आहे. खुडूक कोंबडी म्हणजे ते मडकं. ज्या घरात पैसा सुटा-सुटा येतो, तिथे खर्च न करता दहा पिल्लं मिळणं ही मोठी गोष्ट असते. शाळेची वही, दवाखान्याची धावपळ, पाहुणा आला तर रस्सा, हे सगळं बहुतेक घरांत बाईच्या हातातल्या या कोंबड्यांवर निघतं.

पिवळे पाय कुठून आले?

कोंबडी इकडून तिकडे गेली की तिकडून इकडे आली, हा प्रश्न मजेशीर आहे. डार्विनपासून असं मानलं जायचं की पाळीव कोंबडी फक्त तांबड्या रानकोंबड्यापासून आली. पण त्या रानकोंबड्याची कातडी पिवळी नसते, आणि लेगहॉर्नचे पाय तर पिवळेधमक. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की पिवळ्या कातडीचं जनुक बहुधा राखी रानकोंबड्याकडून आलं. हा राखी रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पाचाच पक्षी, आपल्या सह्याद्रीच्या जंगलात आरवणारा. म्हणजे इटलीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कोंबडीच्या पायांत आपल्याकडचा वारसा आहे. तेव्हा देशी-विदेशी असं भांडण लावण्यात अर्थ नाही. कुठला गुण कुठे उपयोगी, एवढं पाहावं.

नाव नसलेली कोंबडी

युरोपातल्या जातींना नावं आहेत, वर्णनं लिहिलेली आहेत, हौशी पाळणारे आहेत. आपल्याकडे आपण 'गावरान' म्हणून सगळ्यांना एका डालग्यात झाकतो. देशात नोंद झालेल्या कोंबडीच्या जातींत महाराष्ट्राशी जोडलेली एक जात आहे, बुसरा. नंदुरबार जिल्हा आणि लगतचा गुजरात हा तिचा मुलूख. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि बाधित क्षेत्रात फार्मच्या पक्ष्यांबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. रोग थांबवायला ते आवश्यक होतं. पण एखादी जात एकाच टापूत असली की तिच्यावर केवढी जोखीम असते, तेही त्यातून कळतं.

जात दोन तऱ्हांनी जाते. एक अशी, साथीत. दुसरी सावकाश, आणि तिचा आवाज होत नाही. गावात सुधारित पिल्लं येतात. वनराजा, ग्रामप्रिया हैदराबादच्या संशोधन केंद्रातल्या, गिरिराज बंगळूरच्या विद्यापीठाची. या परसबागेसाठीच तयार केल्या आहेत, गावरानपेक्षा अंडी जास्त देतात, अंगानंही भरतात. चांगल्याच आहेत. पण त्या फारशा बसत नाहीत. त्यांचा कोंबडा गावरान कोंबड्यांत सोडला की चार-पाच पिढ्यांत बसण्याचा गुण पातळ होत जातो. मग एका वर्षी लक्षात येतं की वस्तीवर अंडी पुष्कळ आहेत, पण ती उबवायला कुणी नाही.

मग आपण काय करायचं?

आमचं सांगणं एवढंच आहे. अंडी विकायचीच असतील, खाद्य आणि शेडचा खर्च झेपणार असेल, तर लेगहॉर्नच्या कुळाला तोड नाही. पण परसातल्या दहा-वीस कोंबड्यांसाठी पिल्लं घेताना 'अंडी किती देते' याबरोबर 'बसते का' हेही विचारा. सुधारित पिल्लं आणली तरी चांगल्या बसणाऱ्या दोन-तीन गावरान कोंबड्या विकू नका. सुधारित कोंबडीची फलित अंडीही त्यांच्याखाली ठेवता येतात. गावरान कोंबडा वेगळा राखा, आणि दर दीड-दोन वर्षांनी लांबच्या वाडीतून गावरानच कोंबडा बदलून आणा, म्हणजे नात्यातली पैदास होत नाही.

कोंबडी नको तेव्हा खुडूक झाली तर तिला पाण्यात बुडवणं, नाकात पीस घालणं बंद करा. घरटं नसलेल्या, खालून हवा लागणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवा, ती उठते. आणि जात कुठलीही असो, मानमोडीची लस चुकवू नका. पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी. गावरानला रोग होत नाही हा समज दरवर्षी पुष्कळ खुराडी रिकामी करतो.

लिव्होर्नोच्या कोंबडीनं जगाला अंडी दिली, त्यासाठी तिचं आईपण गेलं. आपल्या परसात ते अजून शिल्लक आहे. यंदा खुडूक झालेली कोंबडी बाजारला नेण्याआधी एवढा विचार करा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.