रेकॉर्डमधली घरघर : प्लेअर भंगारात देण्याआधी हे ऐका

आज आधी इअरफोन लावा. कारण मी जो आवाज ऐकवणार आहे, तो मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून येणारच नाही.

ऐकलात? गाण्याच्या खालून चाललेली ती घरघर. हा माझ्या मामाचा प्लेअर. त्याच्याकडच्या नाट्यसंगीताच्या काही रेकॉर्ड्स मला कुठेच ऑनलाइन सापडल्या नाहीत, म्हणून मी त्या डिजिटल करतोय. आत्ता घरघर घालवली नाही, तर ती फाइलमध्ये कायमची बसणार. मामाचं मत : "भंगारात दे."

थांबा. आधी सुई उचला, तबकडी फिरू दे. आवाज तरीही येतोय? मग भानगड विजेची आहे. अर्थिंगची तार तपासा. सुई उचलताच आवाज बंद झाला, तर दोष यंत्राचा.

आता हे यंत्राचं हादरणं एवढं मोठं का ऐकू येतं? रेकॉर्ड कापताना खर्जाचा आवाज मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाचा फार रुंद होतील. वाजवताना अँप्लिफायर तो परत वाढवतो. 20 हर्ट्झच्या आसपास ही वाढ मधल्या सुरांच्या तुलनेत जवळजवळ नऊ-दहा पट! आणि आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटर सेकंदाला साधारण 25 फेरे मारते. म्हणजे तिची थरथर नेमकी त्याच टापूत. सुईला काय कळतंय, हे गाणं की मोटर? ती बिचारी दोन्ही सांगते.

जुन्या प्लेअरमध्ये मोटर आणि तबकडी यांच्यामध्ये एक रबरी चाक असतं. इंग्लंडचा 1954 सालचा गॅरार्ड 301 याच पद्धतीचा, आणि लोक आजही त्यावर जीव टाकतात. पण ते चाक महिनोन्महिने दाबलेल्या अवस्थेत राहिलं की एका जागी चपटं होतं. मग ठक-ठक सुरू. इथे घड्याळ लावा : 33⅓च्या वेगाला तबकडीचा एक फेरा 1.8 सेकंदांचा. ठोका तेवढ्या अंतराने पडत असेल तर रेकॉर्डवर किंवा तबकडीवर संशय घ्या. त्याहून भरभर पडत असेल, तर चाकावर.

मामाच्या प्लेअरचं मी काय केलं? चाकाची कड, मोटरची पुली आणि तबकडीची आतली कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. तबकडीच्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. रबराला तेल अजिबात नाही, ते घसरतं. मोटर ज्या रबरी बुचांवर बसते, ती दगड झाली होती, बदलली. बेल्टवाल्या प्लेअरमध्ये काम सोपं, सैल बेल्ट बदलून बघायचा.

स्पीकर प्लेअरच्याच टेबलावर ठेवू नका हो! सुई स्पीकरचीही थरथर उचलते.

एवढं करून 20 हर्ट्झच्या खालचं जे उरलं, ते सॉफ्टवेअरच्या हाय-पास फिल्टरने कापलं. पण फिल्टर शेवटी. आधीच लावून तो वर वर सरकवत गेलात, तर तबल्याचा बायाही जातो.

आता तीच रेकॉर्ड पुन्हा लावतो. ऐका.