रुसलेला स्टार आणि ट्रेडचं गणित: यशस्वी, पृथ्वी, संजू

तोरणमाळच्या घाटात रेंज गेली आणि एपिसोड अर्धाच राहिला, अशांसाठी हा लिखित भाग. आजचा विषय: संघातला सगळ्यात मोठा खेळाडू नाराज आहे, त्याला जायचंय. आता काय करायचं? ठेवायचा, सोडायचा, की बदल्यात कुणाला घ्यायचं?

कमेंटमध्ये लोक लगेच दोन गट करतात. एक म्हणतो ‘खेळाडू गद्दार’, दुसरा म्हणतो ‘मॅनेजमेंट बेकार’. मी पडलो कोड लिहिणारा माणूस. मला आधी नियम बघायची सवय. आणि या प्रकरणात खरं उत्तर रागात नाही, नियमातच सापडतं. दोरी कुणाच्या हातात आहे, हे नियम ठरवतो.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोडेबाजार भरतो. ज्याला घोडा आजच विकून घरी जायचंय, त्याला भाव कमी मिळतो. जो म्हणतो ‘नाही पटलं तर घोडा परत नेईन’, त्याच्याशी लोक नीट बोलतात. ट्रेडमध्येही हेच. फरक एवढाच की घोड्याला कुणी विचारत नाही, खेळाडूला विचारावं लागतं.

पहिली केस: यशस्वी आणि पृथ्वी

२०२५ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने मुंबईच्या दोन सलामीवीरांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र मागितलं.

यशस्वी जयस्वालने एप्रिलमध्ये मागितलं. त्याला गोव्याकडून खेळायचं होतं. त्याआधी जानेवारीत मुंबई बीकेसीच्या मैदानावर जम्मू-काश्मीरकडून हरली होती आणि त्यानंतर संघात कुरबुर असल्याच्या बातम्या आल्या होत्या. यशस्वीने स्वतः कारण दिलं ते गोव्यातल्या नेतृत्वाच्या संधीचं. गोवा नुकताच प्लेट गट जिंकून एलिट गटात आला होता.

आता मुंबईचे पर्याय मोजा. देशांतर्गत क्रिकेटमध्ये ट्रेड नाही, बदली फी नाही. एनओसी दिलं की खेळाडू गेला, आणि बदल्यात शून्य. अडवून ठेवलं तर नाराज माणूस ड्रेसिंग रूममध्ये. म्हणजे असोसिएशनच्या हातात खरं एकच हत्यार उरतं: दार उघडं ठेवणं. मुंबईने एनओसी दिलं, आणि मे महिन्यात यशस्वीने ते मागे घ्यायची विनंती केली, तेव्हा ती मान्यही केली. बिनखर्चात एक कसोटी सलामीवीर परत आला.

यशस्वीच्या बाजूनेही बघा. भारताच्या कसोटी संघातला खेळाडू वर्षाला रणजीचे सामने खेळून खेळून किती खेळणार? कॅप्टन्सी मिळाली तरी बहुतेक वेळ तो संघासोबत नसणार. समोर ४२ वेळा रणजी जिंकलेला संघ. माझ्या मते त्याच्यासाठी बदलीचा फायदा कागदावर मोठा आणि प्रत्यक्षात छोटा होता.

पृथ्वी शॉचं गणित उलटं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो मुंबईच्या रणजी संघातून बाहेर झाला, नोव्हेंबरमध्ये आयपीएलच्या मेगा लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. त्याच्यासाठी ‘थांबणं’ हा पर्यायच महाग होता. जुलै २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडे आला आणि ऑक्टोबरमध्ये चंडीगडविरुद्ध रणजीत २२२ ठोकले. डिसेंबरच्या लिलावात दिल्लीने त्याला ७५ लाखांत घेतलं.

शहर तेच, कागद तोच, पण एकाने राहणं बरोबर आणि दुसऱ्याने जाणं बरोबर. कारण दोघांचा ‘नाही गेलो तर काय’ वेगळा होता.

इथे एक गोष्ट आपल्या घरची. नंदुरबार महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनमध्ये येतं, मुंबईत नाही. राज्याच्या संघात तीनपर्यंत बाहेरचे खेळाडू घेता येतात. त्या मोसमात महाराष्ट्राने पृथ्वीसोबत जलज सक्सेनालाही घेतलं. संघ मजबूत झाला, हे खरं. पण अकरातल्या त्या दोन जागा कुणाच्या तरी होत्या. धुळे, नंदुरबार, जळगावच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या पोरासाठी स्टारची बदली ही नुसती बातमी नसते, त्याची रांग एका नंबरने लांबते. त्यामुळे पाहुणा घेताना फक्त ‘तो किती रन करेल’ एवढंच विचारून भागत नाही, ‘आपलं पोरगं त्याच्याकडून काही शिकेल का’ हेही विचारायला हवं.

दुसरी केस: संजू सॅमसन

आयपीएलमध्ये मात्र खरा ट्रेड आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बातम्या आल्या की राजस्थानच्या कॅप्टनला, संजूला, बाहेर पडायचंय. राजस्थान त्या मोसमात नववं आलं होतं. त्यांच्यापुढे चार रस्ते होते:

१. ठेवा. पण नाराज कॅप्टन म्हणजे रोजची डोकेदुखी.

२. लिलावात सोडा. १८ कोटी मोकळे होतात, पण त्या पैशात त्याच तोडीचा माणूस मिळेल याची खात्री नाही.

३. पूर्ण पैशांत विका. यातही तीच अडचण.

४. अदलाबदल करा. इथे हातात नक्की माणूस येतो.

त्यांनी चौथा रस्ता धरला. नोव्हेंबरमध्ये संजू १८ कोटींवर चेन्नईला गेला, आणि राजस्थानला रवींद्र जडेजा १४ कोटींत व सॅम करन २.४ कोटींत मिळाला. बेरीज करा: १६.४ कोटी. म्हणजे दोन अष्टपैलू आले आणि वर १.६ कोटी वाचले. जडेजाची किंमत आधी १८ कोटी होती, ती कमी झाली म्हणून हे जुळलं. चेन्नई तर दहावी, म्हणजे शेवटची होती आणि धोनीनंतरचा विकेटकीपर हा त्यांचा जुना प्रश्न. दोघांचे प्रश्न वेगळे, म्हणून सौदा झाला.

गंमत म्हणजे हाच जडेजा २०१० मध्ये राजस्थानचा असताना परस्पर दुसऱ्या फ्रँचायझीशी बोलणी केल्याबद्दल एक मोसम बंदीत होता. आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते, पण दार संघच उघडतो.

आणि एनबीए?

तिथे करार लांब, त्यामुळे संघाला थांबता येतं. न्यू ऑर्लिन्सच्या अँथनी डेव्हिसने जानेवारी २०१९ मध्ये जाहीर ट्रेड मागितला. लीगने जाहीरपणे मागितल्याबद्दल ५०,००० डॉलर दंड केला. करारातून सुटायला त्याला अजून दीड वर्ष होतं. लेकर्सना तो लगेच हवा होता, पण न्यू ऑर्लिन्सने घाई केली नाही. उन्हाळ्यात त्यांनी त्याच्या बदल्यात तीन तरुण खेळाडू आणि पुढच्या ड्राफ्टमधले, म्हणजे नवी पोरं निवडायचे, पहिल्या फेरीचे तीन हक्क घेतले. २०२० मध्ये लेकर्स चॅम्पियन झाले. घोडा परत न्यायची तयारी असलेला विक्रेता, तो हाच.

तर पुढच्या वेळी ‘अमुक स्टार नाराज’ असं नोटिफिकेशन आलं की कमेंट टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा. करार किती उरलाय? सोडणाऱ्याच्या हातात बदल्यात काय येणार? आणि सौदा फिसकटला तर जास्त नुकसान कुणाचं? तिसऱ्याचं उत्तर ज्याच्याकडे बोट दाखवेल, तोच शेवटी नमतो.

तुमच्या मते पृथ्वी महाराष्ट्राला आला ते आपल्या पोरांसाठी चांगलं की वाईट? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. भेटू!