विश्लेषण : बॉक्साइटमधल्या ऑक्साइडने धातू कणखर कसा होतो?

रत्नागिरी जिल्ह्यात दापोली-मंडणगड भागातल्या जांभ्याच्या सड्यांवर बॉक्साइट सापडते. त्यातून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड काढतात आणि त्यापासून ॲल्युमिनियम बनते. पण ॲल्युमिनाचा उपयोग तेवढाच नाही. त्याचे अतिसूक्ष्म कण धातूत पेरले की धातू अधिक मजबूत होतो. ते कसे?

धातू वाकतो म्हणजे नेमके काय होते?

धातू असंख्य बारीक स्फटिकी दाण्यांचा बनलेला असतो. दाण्यातल्या अणूंच्या रांगांत कुठे कुठे विसंगती असते. तिला ‘डिसलोकेशन’ म्हणतात. अंथरलेले जाजम ओढण्यापेक्षा त्याची सुरकुती पुढे ढकलणे सोपे. तशाच या विसंगती सरकतात आणि धातू वाकतो. त्यांना अडवले की मजबुती वाढते.

दाणे बारीक करून भागत नाही का?

काही अंशी भागते. दोन दाण्यांमधली सीमा सुरकुतीला भिंतीसारखी अडवते. दाणे बारीक, तितक्या भिंती जास्त. हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) यांनी हा नियम मांडला. नॅनोस्फटिकी धातूत दाणे १०० नॅनोमीटरहून लहान असतात. मात्र तापवल्यावर सीमा सरकतात, मोठे दाणे लहानांना गिळतात आणि मिळवलेली ताकद जाते.

कण काय करतात?

सीमेवर बसलेले कण तिला जागीच रोखतात. याला ‘झेनर पिनिंग’ म्हणतात. दाण्याच्या आतले कण सुरकुतीच्या वाटेत उभे राहतात. त्यांना वळसा घालायला जास्त बळ लागते. तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर ॲल्युमिना २,००० अंशांच्याही वर. त्यामुळे तापलेल्या तांब्यातही कण टिकून राहतात.

वापर कुठे?

ॲल्युमिनाचे कण असलेले तांबे मोटारीचे पत्रे जोडणाऱ्या स्पॉट वेल्डिंगच्या इलेक्ट्रोडसाठी वापरतात. ॲल्युमिनाचे प्रमाण वजनाने साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असते. म्हणून वीज वाहण्याचा तांब्याचा गुण बराचसा कायम राहतो.

मग अडचण कोणती?

कण सारखे पसरणे. नॅनोकण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि तडा तिथूनच जातो. त्यासाठी धातूची भुकटी आणि कण बॉल मिलमध्ये तासन्‌तास घोटून नंतर दाब व उष्णता देतात. हे खर्चिक आहे. शिवाय कण जास्त झाले तर धातू ठिसूळ होतो. म्हणूनच कण किती घातले यापेक्षा ते कसे पसरले, यावर धातूची ताकद ठरते.