वजनाचं ऑपरेशन झालं, तरी भूक परत का येते? आणि वाढणाऱ्या वजनाचं काय करायचं?

वजन कमी करण्याचं ऑपरेशन आपल्या समाजात आता नवं राहिलेलं नाही. शुगर, बीपी आणि गुडघे या तिन्हींनी हैराण झालेली माणसं दागिने मोडून, कर्ज काढून ते करून घेतात. पहिलं वर्ष आनंदात जातं. कपडे सैल होतात, गोळ्या कमी होतात, नमाजसाठी लागणारी खुर्ची सुटते. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भूक पुन्हा जाणवायला लागते आणि काटा हळूहळू वर सरकतो.

इथूनच खरा त्रास सुरू होतो. घरात टोमणे सुरू होतात, "एवढे पैसे घातले, तरी हिचं खाणं सुटत नाही." ती व्यक्ती शरमेनं तपासणीला जाणं बंद करते, लपून खाते किंवा दिवसभर उपाशी राहते. म्हणून हे असं का होतं आणि त्यावर काय करता येतं, ते आपण नीट समजून घेऊ.

भूक परत का येते?

स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडतात. जठराच्या वरच्या भागात घ्रेलिन नावाचं भूक वाढवणारं संप्रेरक तयार होतं. त्याचा शोध १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी लावला. स्लीव्हमध्ये नेमका हाच भाग जातो, म्हणून सुरुवातीचे महिने भूक जवळपास लागतच नाही.

पण शरीराला ऑपरेशन आणि दुष्काळ यातला फरक कळत नाही. वजन झपाट्यानं उतरलं की ते कमी ऊर्जेत भागवायला शिकतं आणि भुकेचे इशारे वाढवतं. जठराची पिशवीही वर्षागणिक थोडी सैलावते. ही शरीराची रचना आहे, यात नियत खोटी असण्याचा प्रश्न येत नाही.

स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे १२० किलोचा माणूस ८२ पर्यंत उतरला आणि पुढे ९० वर स्थिरावला. मधले आठ किलो परत आले, पण तीस किलो गेले ते गेलेच. त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाणही ऑपरेशन न केलेल्यांपेक्षा कमी दिसलं. तेव्हा थोडं वजन परत येणं म्हणजे सगळं वाया गेलं, असं नाही. मात्र वाढ थांबत नसेल, तर लक्ष द्यायलाच हवं.

ही भूक नेमकी कुठली?

प्रत्येक भूक सारखी नसते. कधी ती खरी असते. कधी पाणी कमी पडलेलं असतं. कधी गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात आणि काहीतरी खावंसंच वाटतं. बायपासनंतर हे जास्त दिसतं. त्यावर पुन्हा गोड खात राहिलं की चक्र सुरूच राहतं. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि कधी भूक मनाची असते, कंटाळ्याची, भांडणाची, रात्रीच्या एकटेपणाची.

ओळखायची एक साधी युक्ती आहे. स्वतःला विचारा, आत्ता समोर उकडलेलं अंडं ठेवलं तर खाईन का? उत्तर हो असेल तर बहुधा पोटाला भूक आहे. फक्त फरसाण किंवा बिस्किटच हवं असेल, तर आधी पाणी प्या आणि थोडं थांबा.

घसरून जाणारं खाणं

छोट्या जठरात चिकनचे चार तुकडे गेले की पोट भरतं. पण चहात बुडवलेली खारी, नानखटाई, शिरा, आइस्क्रीम हे विरघळून खाली उतरतं, त्यामुळे पोट भरल्याची जाणीवच होत नाही. दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहिलं की वजन तिथूनच वाढतं.

म्हणून ताटात आधी प्रथिनं घ्या, मग भाजी, आणि भाकरी किंवा भात शेवटी. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम मिळतात, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ हून जास्त. मासे, खिमा, डाळ, पनीर, दही हे सगळं घरातलंच आहे. घास बारीक चावा आणि जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं द्या. जेवताना पाणी पिऊ नका, नंतर अर्ध्या तासानं प्या. खाण्याच्या वेळा ठरवून घ्या आणि मधलं चरणं बंद करा. चालण्यासोबत आठवड्यातून दोन-तीन दिवस हलकी वजनं उचलण्याचा व्यायाम केला तर स्नायू टिकतात.

दावत आणि रमजान

एकाच थाळ्यात मिळून जेवायची पद्धत प्रेमाची आहे, पण त्यात आपण किती खाल्लं ते कळत नाही. अशा व्यक्तीला वेगळी छोटी प्लेट द्यावी. "एवढंसंच खाल्लंस?" म्हणून वर वाढू नये.

ऑपरेशननंतरचे पहिले सहा महिने ते वर्षभर रोजे ठेवू नका, असा सल्ला साधारणपणे दिला जातो. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकरामध्येच आहे. पुढेही रमजानच्या आधी डॉक्टरांना भेटून शुगर-बीपीच्या गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात. इफ्तारला एक खजूर आणि घोट घोट पाणी घ्या, मग मगरिबच्या नमाजनंतर अंडी, चिकन किंवा डाळ. सरबत, फालुदा आणि भजी यांनीच छोटं पोट भरलं तर महिनाभरात वजन वाढतं आणि अंगात ताकदही राहत नाही. इफ्तार ते सहेरी पाणी थोडं थोडं पीत राहा. चक्कर येत असेल किंवा उलट्या होत असतील तर रोजा रेटू नका.

डॉक्टरांकडे परत जा

सगळ्यात कमी झालेल्या वजनापेक्षा चार-पाच किलो वाढले की लगेच दाखवा. वीस किलो वाढायची वाट पाहू नका. थायरॉईड, झोप, इन्सुलिन, स्टेरॉईड किंवा काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या, यांपैकी कशानंही वजन वाढू शकतं. जठराची पिशवी सैल झाली आहे का, हेही तपासता येतं. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. वजन वाढलं म्हणून त्या बंद करू नका. पायाला मुंग्या येत असतील किंवा सतत उलट्या होत असतील तर लगेच दवाखाना गाठा.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही भूक कमी करणारी इंजेक्शनं २०२५ पासून भारतात वजनासाठीही मिळू लागली आहेत. ऑपरेशननंतर वजन परत वाढलेल्यांनाही डॉक्टर ती देतात. मात्र ती बंद केली की भूक बहुधा परततेच. शिवाय ती गरोदरपणात चालत नाहीत आणि कुणाच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नयेत. स्लीव्हचं बायपास करण्याचं दुसरं ऑपरेशनही असतं. त्यात धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, म्हणून बाकीचे उपाय आधी करून पाहतात.

घरच्यांनी काट्यावरचा आकडा विचारण्याऐवजी पुढची तपासणी कधी आहे ते विचारावं आणि त्या दिवशी सोबत जावं. एकटीला जायची लाज वाटते म्हणून कित्येकींची तपासणी सुटते.