कुलूप एक, किल्ल्या अनेक

नाशिकमध्ये शिक्षकांसमोर आहार आणि आरोग्य या विषयावर बोललो, की खरे प्रश्न बहुधा जेवणाच्या सुट्टीत येतात. अशाच एका सुट्टीत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई चार घड्या घातलेला कागद घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या नणंदेची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. गाठ ‘संप्रेरक-संवेदी’ आहे असे तपासणीत निघाले होते, आणि डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन नावाची गोळी पाच वर्षे घ्यायला सांगितली होती. कागदावर मात्र नातेवाइकांनी जमवलेली यादी होती : गव्हांकुराचा रस, जवसाची पूड, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, द्राक्षबियांचा अर्क. सोयाबीनपुढे तर दोन नोंदी होत्या. एका हस्ताक्षरात ‘रोज घ्यावे’, दुसऱ्या हस्ताक्षरात ‘पूर्ण वर्ज्य’.

“गोळी म्हणजे केमिकल आणि हे सगळं नैसर्गिक, म्हणून तिनं महिनाभरापासून गोळी बंद केली आहे. तुम्ही काय म्हणाल?” बाईंनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते, पण ते पटायचे असेल तर ‘संप्रेरक-संवेदी’ या शब्दापासून सुरुवात करावी लागते.

गाईगुरांपासून मिळालेला धागा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन दूध कसे तयार होते याचा अभ्यास करत होते. वासरू झाल्यावर गाईची बीजांडे काढून टाकली तर ती जास्त काळ दूध देते, असा काही ठिकाणच्या शेतकऱ्यांचा अनुभव त्यांना समजला. म्हणजे शरीरात दूर कोठेतरी असलेले बीजांड स्तनातील पेशींवर हुकमत गाजवते! मग कर्करोगाच्या पेशींवरही गाजवत असेल का? बीटसन यांनी वाढलेला कर्करोग असलेल्या एका तरुण स्त्रीची बीजांडे काढली आणि काही महिन्यांत तिच्या गाठी विरत गेल्या. हा अनुभव त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केला. पुढे असे दिसले, की या शस्त्रक्रियेचा गुण सर्वांना येत नाही. साधारण तिघींपैकी एकीला येतो. असे का, हे मात्र कोणालाच सांगता येईना.

याचे उत्तर मिळायला साठ वर्षे लागली. बीजांडातून ईस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडले जाते. शिकागो येथील एलवुड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावलेले ईस्ट्रोजेन वापरून ते शरीरात कोठे जाऊन थांबते हे शोधले. ते सगळीकडे फिरते, पण काही ठरावीक पेशींमध्येच टिकून राहते. त्या पेशींमध्ये ईस्ट्रोजेनला धरून ठेवणारे एक प्रथिन असते. त्याला ग्राही म्हणतात. ग्राही म्हणजे कुलूप, ईस्ट्रोजेन म्हणजे किल्ली. किल्ली बसली, की पेशीच्या केंद्रकात ‘विभाजन सुरू करा’ असा निरोप पोचतो.

ज्या कर्करोगाच्या पेशींत ही कुलुपे असतात, तो संप्रेरक-संवेदी कर्करोग. जगभरात स्तनाच्या कर्करोगाच्या दर तीन रुग्णांपैकी सुमारे दोघींचा कर्करोग या प्रकारचा असतो. भारतात हे प्रमाण काहीसे कमी आढळते. बीटसन यांचा उपाय कोणाला लागू पडला आणि कोणाला नाही, याचा उलगडा इथे होतो.

बसणारी पण न फिरणारी किल्ली

टॅमॉक्सिफेनचा जन्म १९६२ साली इंग्लंडमध्ये झाला, तो गर्भनिरोधकाच्या शोधात. त्या कामी ते निरुपयोगी ठरले. पण हा रेणू ईस्ट्रोजेनच्या कुलपात बसतो आणि स्तनाच्या पेशीत ते कुलूप उघडत मात्र नाही. खरी किल्ली बाहेरच अडून राहते. १९७०च्या दशकात ते कर्करोगावरील औषध म्हणून मान्य झाले. हजारो स्त्रियांवरील चाचण्यांचा एकत्रित हिशेब २०११ साली प्रसिद्ध झाला. संप्रेरक-संवेदी कर्करोगात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास पुढील पंधरा वर्षांतील या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असे त्यातून दिसले. नणंदेने बंद केलेल्या गोळीची किंमत ही आहे.

पाळी गेल्यावर बीजांडे थांबतात. तरी ईस्ट्रोजेन पूर्ण थांबत नाही. शरीरातील चरबीत अरोमाटेज नावाचे विकर असते. ते इतर संप्रेरकांपासून ईस्ट्रोजेन बनवते. म्हणून या वयात लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल यांसारखी, विकरालाच अडवणारी औषधे देतात. चरबीचा हा मुद्दा लक्षात ठेवू. आहाराकडे वळल्यावर तो पुन्हा लागणार आहे.

वनस्पतींच्या किल्ल्या

आता यादीकडे वळू. वनस्पती ईस्ट्रोजेनसारखे काम करू शकतात काय? शकतात. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या मोठ्या संख्येने वांझ होऊ लागल्या. त्या गवतात ईस्ट्रोजेनशी साधर्म्य असलेले रेणू निघाले. त्याच कुळीतले जेनिस्टीन हे द्रव्य सोयाबीनमध्ये असते. म्हणजे ‘नैसर्गिक’ याचा अर्थ ‘परिणामशून्य’ असा नाही, हे मेंढ्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

सोयाबीनच्या दोन परस्परविरोधी नोंदी कोठून आल्या, हेही सांगता येते. बीजांडे काढलेल्या आणि मानवी कर्करोगपेशी रोवलेल्या उंदरांना शुद्ध जेनिस्टीन दिले, तेव्हा गाठी वाढल्या. ‘वर्ज्य’ ही नोंद तेथून आली. उलट, शांघाय येथे स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या ५०४२ स्त्रियांचा पाठपुरावा केला गेला. जास्त सोया खाणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी होते, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. ‘रोज घ्यावे’ ही नोंद तेथून आली.

यांत खोटे कोण? कोणीच नाही. उंदीर आणि माणूस जेनिस्टीनवर वेगवेगळ्या रीतीने प्रक्रिया करतात. उंदरांच्या रक्तात त्याचे मोकळे, क्रियाशील रूप बरेच जास्त राहते. जेनिस्टीन आणि सोयाबीनची उसळ या दोन गोष्टीही एक नव्हेत. शिवाय शांघायच्या स्त्रिया लहानपणापासून सोया खात आल्या होत्या, आणि सोया खाणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात. म्हणून आज एवढेच म्हणता येते : जेवणातील सोयावड्या, सोयाबीन, टोफू यांना घाबरण्याचे कारण नाही; पण त्यातील अर्क काढून केलेल्या गोळ्या या रुग्णांनी घेऊ नयेत. आपल्याकडे सोयाबीन मुख्यतः तेलासाठी जाते आणि तेलात ही द्रव्ये जवळजवळ उरतच नाहीत, हेही विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.

जवसात लिग्नान नावाची द्रव्ये असतात आणि आतड्यातील जिवाणू त्यांचे सौम्य ईस्ट्रोजेनसारख्या रेणूंत रूपांतर करतात. कॅनडातील एका छोट्या चाचणीत शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या स्त्रियांना रोज २५ ग्रॅम जवस घातलेला केक दिला, तेव्हा गाठीतील पेशीविभाजनाचा वेग घटलेला आढळला. हे आशादायक आहे. पण चाचणी जेमतेम महिन्याभराची होती. विभाजन मंदावणे आणि आयुष्य वाढणे यांच्यामधले अंतर तिने मोजलेले नाही. जवसाची चटणी जरूर खावी; ती गोळीची जागा घेते असे समजू नये.

हळदीचा हिशेब

हळदीच्या पुडीत सुमारे ३ टक्के कुरकुमीन असते आणि ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. त्याच्याबरोबर मिरीतील पायपरीन दिले तर रक्तातील प्रमाण वीसपट वाढते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले. म्हणून कॅप्सूलमध्ये दोन्ही एकत्र भरतात.

आता पुढचा भाग पाहा. टॅमॉक्सिफेन हा एका अर्थी कच्चा माल आहे. यकृतातील विकरे त्यापासून एंडॉक्सिफेन हे जास्त प्रभावी द्रव्य बनवतात. कुरकुमीन आणि पायपरीन याच यंत्रणेत ढवळाढवळ करतात. नेदरलँड्समध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना ही जोडी दिल्यावर रक्तातील एंडॉक्सिफेन सरासरी १२ टक्क्यांनी घटले. ज्यांच्या शरीरात ते आधीच काठावर आहे, त्यांच्या बाबतीत ही घट महत्त्वाची ठरू शकते.

मग वरणात हळद घालायची नाही का? वर्गात हे गणित करून घ्यावे. त्या अभ्यासात दिवसाला ३.६ ग्रॅम कुरकुमीन दिले होते. ३ टक्क्यांच्या हिशेबाने तेवढे मिळवायला किती हळद लागेल? उत्तर १२० ग्रॅम! एवढी हळद एका कुटुंबाला कित्येक आठवडे पुरते. वरणातली चिमूट आणि कॅप्सूल यांचे नाव एक असले, तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक अन्न आहे, दुसरे औषध.

आपली द्राक्षे

निफाड-दिंडोरीच्या वाचकांना द्राक्षांबद्दल उत्सुकता असणारच. दक्षिण आफ्रिकेतील योहाना ब्रँट यांनी १९२०च्या दशकात केवळ द्राक्षे खाऊन कर्करोग बरा होतो असा दावा करणारे पुस्तक लिहिले. तो उपाय अजून अधूनमधून डोके वर काढतो. त्याला कोणत्याही चाचणीचा आधार मिळालेला नाही. द्राक्षबियांचा अर्क प्रयोगशाळेत अरोमाटेजला अडवतो हे खरे. पण काचेच्या बशीतील पेशींना तो थेट मिळतो, आतडे आणि यकृत मध्ये येत नाहीत. ‘मग लाल वाइन चांगली’ हा निष्कर्ष तर उलटाच आहे. मद्याने रक्तातील ईस्ट्रोजेन वाढते, आणि रोजच्या दर १० ग्रॅम अल्कोहोलमागे, म्हणजे साधारण एका लहान पेल्यामागे, स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ७ ते १० टक्क्यांनी वाढतो. द्राक्षे फळ म्हणून खावीत.

एक माणूस बरा झाला, म्हणजे?

नोव्हेंबर २०२४मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषदेत सांगितले, की त्यांच्या पत्नीने हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि साखर वर्ज्य अशा आहाराने कर्करोगावर मात केली. दोनच दिवसांत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २६२ कर्करोगतज्ज्ञांच्या सह्यांचे निवेदन काढले : या दाव्यांना पुरेसा पुरावा नाही, रुग्णांनी उपचार लांबवू नयेत. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि रसायनोपचारही झाले होते. नंतर सिद्धू यांनीही हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि उपचारांना पूरक होता, असे स्पष्ट केले.

इथे शिक्षकांसाठी महत्त्वाचा धडा आहे. एका शेतात खत, पाणी आणि नवे बियाणे एकाच वर्षी बदलले, तर पीक कशाने वाढले हे सांगता येईल का? त्यासाठी शेजारी-शेजारी दोन वाफे हवेत आणि फरक एकाच गोष्टीचा हवा. माणसांच्या बाबतीत असे वाफे मुद्दाम करणे योग्य नाही; पण काही रुग्णांनी आपण होऊनच केवळ पर्यायी उपाय निवडलेले असतात. अमेरिकेतील अशा रुग्णांची नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केलेली तुलना २०१८ साली प्रसिद्ध झाली. स्तनाच्या कर्करोगात पर्यायी उपायांवरच विसंबलेल्यांचा मृत्यूचा धोका पाचपटीहून अधिक होता.

मग आहाराने काय होते?

बरेच काही, पण वेगळ्या मार्गाने. अमेरिकेतील ३०८८ स्त्रियांवरील एका चाचणीत निम्म्या गटाला भाज्या व फळे भरपूर आणि चरबी कमी असा आहार दिला. सात वर्षांनंतर दोन्ही गटांत रोग उलटण्याचे प्रमाण सारखेच निघाले. २४३७ स्त्रियांवरील दुसऱ्या चाचणीत चरबी बरीच कमी केली, तेव्हा पाच वर्षांत ते २४ टक्क्यांनी कमी दिसले. पण त्या स्त्रियांचे वजनही घटले होते. श्रेय चरबी कमी खाण्याला द्यायचे की वजनाला, हे नक्की सांगता येत नाही. मात्र चरबीतले अरोमाटेज आठवले, तर पाळी गेल्यानंतर वजन आटोक्यात ठेवणे आणि रोज चालणे यांचे महत्त्व कळते.

उलट, रसायनोपचार चालू असताना दूध, डाळी, भात सोडून केवळ रसांवर राहणे घातक आहे. साखर बंद केल्याने कर्करोगपेशी उपाशी मरत नाहीत. शरीर रक्तातील ग्लुकोज राखतेच, प्रसंगी स्नायू झिजवून राखते. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना कच्च्या रसांतून जंतुसंसर्गाचीही भीती असते. अरोमाटेज अडवणाऱ्या औषधांनी हाडे विरळ होतात, तेव्हा कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागू शकते. ते किती, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे.

बाईंच्या कागदावर आम्ही खुणा केल्या. जवसाची चटणी, जेवणातले सोयाबीन, फोडणीतली हळद, फळे : चालतील. कॅप्सूल आणि अर्क : डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. गव्हांकुराचा कच्चा रस : तोही डॉक्टरांना विचारूनच. आणि सर्वांत वर लिहिले : गोळीबाबत याच आठवड्यात डॉक्टरांना भेटणे. त्याआधी आम्ही एक विचारले, “गोळीने त्यांना काही त्रास होत होता का?” बाई थोड्या थांबल्या. “अंगाची आग होते, झोप लागत नाही, असं म्हणायची. घरात कुणी फार लक्ष दिलं नाही.”

गोळी सोडण्यामागे पुष्कळदा हेच असते. ‘केमिकल’ हा शब्द नंतर येतो. या त्रासावर उपाय आहेत, औषध बदलताही येते. पण ते सांगितले तरच. म्हणून घरात कोणी अशी यादी घेऊन आले, तर ती फाडून टाकण्याआधी हा प्रश्न विचारावा, आणि यादीसकट डॉक्टरांकडे जावे.